मुलांच्या मोबाईलवर अनोळखी माणूस : पालकांनी काय करावं, तक्रार कुठे करावी?

ठाणे : वागळे इस्टेट, किसननगर भागात आई-वडील दोघंही कामावर आणि शाळेतून आलेल्या मुलाच्या सोबतीला मोबाईल, अशी घरं पुष्कळ आहेत. शहापूर, मुरबाडच्या गावांतही आता वेगळं राहिलेलं नाही. याच मोबाईलवरून अनोळखी माणूस मुलांपर्यंत पोहोचतो.

अभिनेते अक्षयकुमार यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत सायबर जनजागृतीच्या कार्यक्रमात आपल्या मुलीचा अनुभव सांगितला होता. ऑनलाइन गेममध्ये अनोळखी खेळाडूनं आधी ‘मुलगा की मुलगी’ असं विचारलं, नंतर थेट नग्न फोटो मागितले. मुलीनं गेम बंद केला आणि लगेच आईला सांगितलं. ती वाचली ती यामुळेच.

कसं ओळखायचं?
सुरुवात गोड असते. खेळात मदत, कौतुक, रिचार्ज. मग ‘दुसऱ्या ॲपवर बोलू’, ‘घरी सांगू नकोस’. त्यानंतर फोटोची मागणी आणि शेवटी धमकी. मूल मोबाईल लपवू लागलं, रात्री जागू लागलं, गप्प झालं, तर विचारपूस करा.

आधी काय करायचं?
मुलाला ओरडू नका, मोबाईल हिसकावू नका. ‘घरी कळलं तर मार पडेल’ या भीतीवरच समोरच्याचा सगळा खेळ चालतो. ‘तुझी चूक नाही’ हे स्पष्ट सांगा. पैसे देऊ नका, चॅट डिलीट करू नका. खात्याचं नाव, लिंक आणि मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा, मगच ब्लॉक करा. मुलाचे तसले फोटो मात्र पुरावा म्हणूनही कुणाला पाठवू नका. मोबाईलच पोलिसांना दाखवा.

कायदा काय म्हणतो?
लैंगिक हेतूनं मुलांशी ऑनलाइन वारंवार संपर्क साधणं हा पोक्सो कायदा, २०१२ नुसार गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब नुसार मुलांची अश्लील चित्रं बनवणं, पसरवणं किंवा त्यांना अशा ऑनलाइन संबंधांत ओढणं यासाठी पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे.

बदनामीच्या भीतीनं गप्प बसू नका. मुलाची ओळख माध्यमांत उघड करायला बंदी आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, साध्या वेशात घ्यायचा असतो.

तक्रार कुठे?
चाइल्डलाइन १०९८, तातडीची मदत ११२, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. मुलांसंबंधीच्या अश्लील मजकुराची तक्रार पोर्टलवर नाव न देताही करता येते. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही.

मोबाईलला लॉक घालाच. पण काही घडलं तर मूल आधी घरी येऊन सांगेल, एवढा विश्वास त्याला आजच द्या.