प्रस्तावना : विनोदाचे उत्तरदायित्व

नवी दिल्लीत टिळक मार्गावर सर्वोच्च न्यायालयाची इमारत आहे. लेखणीपायी तुरुंगात गेलेल्या संपादकाचे नाव त्या रस्त्याला आहे, आणि त्याच रस्त्यावर गेली साठ वर्षे लेखक, प्रकाशक, सिनेमावाले आणि अलीकडे यूट्यूबवरचे विनोदवीर आपापल्या शब्दांचा जबाब देत आले आहेत. मराठी माणसाला ही वाट नवी नाही. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातील एका कथेवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. तो थेट दिल्लीपर्यंत गेला आणि १९६९मध्ये लेखक चंद्रकांत काकोडकर तेथून निर्दोष सुटले. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचा प्रश्न २०१५मध्ये याच न्यायालयासमोर होता. शब्दांनी कोणी दुखावले तर त्याचे उत्तर कोणी आणि कसे द्यायचे, याचा विचार करणारे अभ्यासक्षेत्र आज आकार घेत आहे. त्याची मुळे अशी आपल्या दिवाळी अंकांपर्यंत पोचतात. त्या क्षेत्रात पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्या वाचकांसाठी ही प्रस्तावना आहे.

इंटरनेटवरच्या थट्टामस्करीचा एवढा अभ्यास कशाला, अशी शंका तुम्हाला आली तर ती रास्तच आहे. पण आपल्या घरातली सोळा-सतरा वर्षांची मुले कोणाच्या विनोदावर हसतात, हे आता वर्तमानपत्र वाचून किंवा नाट्यगृहात जाऊन कळत नाही. दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या टापूतून गेल्या दहा-बारा वर्षांत असे तरुण पुढे आले, ज्यांच्यामागे ना नाटक कंपनी होती ना दूरचित्रवाणी वाहिनी. दिल्लीचा भुवन बाम आणि फरिदाबादचा अजय नागर, म्हणजेच ‘कॅरीमिनाटी’, ही त्यांतली ठळक नावे. निर्माता नाही, संपादक नाही, परिनिरीक्षण मंडळ नाही. असे स्वातंत्र्य आपल्या एकाही जुन्या विनोदी लेखकाला मिळाले नव्हते. मे २०२०मध्ये अजय नागरने टिकटॉकवाल्यांची खिल्ली उडवणारी चित्रफीत टाकली तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. काही दिवसांत कोट्यवधी लोकांनी ती पाहिली आणि छळवणुकीविरुद्धच्या स्वतःच्या नियमावर बोट ठेवून यूट्यूबने ती काढून टाकली. मार्च २०२२मध्ये डोंगराळ भागातील स्त्रियांबद्दलच्या एका संवादावरून राष्ट्रीय महिला आयोगाने भुवन बामची दखल घेतली, आणि त्याने जाहीर माफी मागितली. ही दोन्ही प्रकरणे निकालापर्यंत न जाता मिटली. वाचकांनी ती मुद्दाम लक्षात ठेवावीत, कारण उत्तरदायित्वाचा बराचसा व्यवहार न्यायालयाच्या बाहेरच होतो.

मग आले फेब्रुवारी २०२५. त्याआधी, ८ मार्च २०२४ रोजी, दिल्लीच्या भारत मंडपममध्ये पहिले राष्ट्रीय क्रिएटर्स पुरस्कार दिले गेले होते. यूट्यूबवर मुलाखती घेणाऱ्या रणवीर अलाहबादिया यांनी त्यांतला एक पंतप्रधानांच्या हातून स्वीकारला होता. वर्ष उलटायच्या आत विनोदवीर समय रैना यांच्या ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या यूट्यूबवरील कार्यक्रमात त्यांनी आईवडिलांविषयी विचारलेल्या एका प्रश्नाने देशभर गहजब झाला. गुवाहाटीपासून मुंबईपर्यंत गुन्हे नोंदले गेले, रैना यांनी कार्यक्रमाचे सारे भाग उतरवले. १८ फेब्रुवारीला न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती एन. कोटीश्वर सिंह यांच्या खंडपीठाने अलाहबादिया यांना अटकेपासून संरक्षण दिले, पण कडक शब्दांत कानउघाडणी करूनच. ३ मार्चला सभ्यतेच्या हमीवर त्यांना आपला कार्यक्रम पुन्हा सुरू करू दिला गेला. एवढा भाग बहुतेकांना माहीत आहे आणि माझ्या मते अभ्यासाच्या दृष्टीने तो दुय्यम आहे. ते वाक्य ओंगळ होते, पण त्याने कोणा एका माणसाचे जगणे अधिक अवघड झाले नाही.

खरे पाहण्याजोगे प्रकरण त्याच खटल्याच्या पोटात वाढले. मेरुरज्जूतील चेतापेशी निकामी होऊन शरीराचे स्नायू क्षीण करत नेणारा ‘स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी’ हा आनुवंशिक आजार आहे. त्यावरच्या जनुकोपचाराच्या एका मात्रेची किंमत सोळा कोटी रुपयांच्या घरात सांगितली जाते. २०२१मध्ये मुंबई-पुण्यातल्या अशा बाळांसाठी अनोळखी लोकांनी पाचशे-हजार रुपये पाठवून रक्कम उभी केली होती, हे अनेक मराठी घरांना आठवत असेल. या आजाराची आणि अपंगत्वाची थट्टा झाली म्हणून ‘क्युअर एसएमए फाउंडेशन ऑफ इंडिया’ ही संस्था न्यायालयात आली. २५ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने रैना यांच्यासह पाच विनोदवीरांना आपापल्या वाहिन्यांवरून बिनशर्त माफी मागायला सांगितले. बोलण्यातून कमाई होत असेल तर एखाद्या समूहाच्या भावनांशी खेळून ती करता येणार नाही, असेही सुनावणीत बोलले गेले. नोव्हेंबरमध्ये त्यापुढचे पाऊल पडले. उपचारांसाठी निधी उभा राहावा म्हणून या विनोदवीरांनी महिन्यातून किमान दोन कार्यक्रम करावेत आणि त्यांत अपंग व्यक्तींना सन्मानाने बोलवावे, असा तो आदेश होता. ज्याच्यावर हसले गेले त्याला त्याच व्यासपीठावर जागा द्यायची, ही कल्पना मला दंडापेक्षा आणि तुरुंगापेक्षा अधिक शहाणपणाची वाटते. ती कितपत तडीस जाते याकडे तुम्हीही लक्ष ठेवावे.

या आदेशामागचा विचार एकाएकी सुचलेला नाही. गुरुग्रामचे निपुण मल्होत्रा स्वतः चाकाची खुर्ची वापरतात. २०२३मधील ‘आंख मिचोली’ या चित्रपटात विसरभोळ्या बापाला, कमी ऐकू येणाऱ्याला, अडखळत बोलणाऱ्याला ज्या टोपणनावांनी हिणवले होते, त्याविरुद्ध ते आधी दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेथे याचिका फेटाळली गेल्यावर सर्वोच्च न्यायालयात. ८ जुलै २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांनी निकाल दिला. चित्रपटात हात घालायचे न्यायालयाने टाळले. पण एक भेद करून दिला, आणि नवख्या वाचकाने या क्षेत्रात प्रवेश करायचा तो त्या भेदातूनच. अपंगत्वाविषयीच्या आपल्या कल्पना ज्याने हलतात, तो विनोद वेगळा. अपंग माणसाला आणखी खाली ढकलणारा विनोद वेगळा. पहिल्याला पुरेपूर मोकळीक हवी. दुसऱ्यासाठी न्यायालयाने निर्मात्यांपुढे काही अपेक्षा ठेवल्या: हिणकस शब्द टाळावेत, आजाराची वैद्यकीय माहिती नीट घ्यावी, दयेचा विषय किंवा अचाट पराक्रमी अशा दोन साच्यांत माणूस कोंबू नये, आणि ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना विचारल्याशिवाय लिहू नये. हा निकाल फार मोठा नाही. कायद्याचे शिक्षण नसले तरी तो सावकाश वाचता येतो, आणि वाचकांनी तो बातमीतून न वाचता मुळातूनच वाचावा.

आपल्या परंपरेला हा प्रश्न फार आधी पडला होता. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगितले आहेत. पण त्याच ग्रंथाच्या शेवटी एक कथा येते. विद्येच्या गर्वाने भरताच्या पुत्रांनी ऋषींची टवाळी करणारा प्रयोग केला आणि ऋषींनी त्यांना शाप दिला. नटांच्या आद्य ग्रंथाने ही आपलीच कथा लपवली नाही, याचा मला अभिमान वाटतो. मात्र ती वाचताना एक सावधगिरी हवी. शाप देणारे ऋषी दुबळे नव्हते. दुखावले गेल्याची तक्रार सामर्थ्यवंतही करतात, आणि त्यांची तक्रार पोलिसांच्या कानी लवकर पोचते.

म्हणूनच या अभ्यासाची दुसरी बाजू तितक्याच आस्थेने समजून घ्यावी लागते. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्या घटनेने अस्वस्थ झालेल्या दिल्लीच्या श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द ठरले. ‘कॉलेज रोमान्स’ या वेबमालिकेची भाषा ऐकताना आजूबाजूचे दचकतील म्हणून कानाला इअरफोन लावावे लागले, असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मार्च २०२३च्या निकालात नोंदवले होते. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, कारण शिवराळ म्हणजे अश्लील नव्हे. मार्च २०२५च्या अखेरीस त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी शब्दांचा परिणाम मोजताना खंबीर मनाचा माणूस डोळ्यांसमोर ठेवावा, पदोपदी धोका पाहणारा नव्हे, असे बजावले. त्याच आठवड्यात मुंबईच्या खारमधील ‘हॅबिटॅट’ या विनोदी कार्यक्रमांच्या सभागृहाची मोडतोड झाली होती. विनोदवीर कुणाल कामरा यांचे एका सत्ताधारी नेत्यावरचे विडंबन त्याला निमित्त झाले. ‘लेटेंट’चे चित्रण झाले तेही हेच सभागृह. एकाच छताखालच्या या दोन प्रसंगांना एकच माप लावणारा वाचक गोंधळात पडेल. सत्तेची थट्टा आणि आजारी बाळाची थट्टा या दोन्ही कानाला बोचत असल्या, तरी पहिलीत ज्याच्यावर हसायचे त्याच्याकडे ध्वनिक्षेपक आहे, पोलीस आहेत, कार्यकर्ते आहेत. दुसरीत त्याच्याकडे यातले काहीच नाही.

अभ्यासाला बसताना म्हणून एवढे करावे. दहा सेकंदांच्या तुकड्यावरून मत बनवू नये. शक्य असेल तेथे सबंध प्रयोग पाहावा. विनोद कोणी केला याच्या बरोबरीने, तो सभागृहातून बाहेर काढून लाखोंपर्यंत कोणी नेला आणि त्यातून कोणाला पैसे मिळाले, हेही विचारावे. जाहिरातीसाठी पैसे घेतले असतील तर ते उघड सांगण्याचा नियम समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध मंडळींना लागू आहे. हसवताना कोणाला पायदळी तुडवले, याची अशी सोपी नोंद कोठेच होत नाही. २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने चारचौघांत हेतुपुरस्सर केलेला अपमान शिक्षापात्र ठरवला आहे, पण त्या कलमाने सगळे प्रश्न सुटतील असे मानू नये. माफी मागणारा काय म्हणाला यापेक्षा पुढच्या कार्यक्रमात त्याने काय बदलले, ते नोंदवावे.

आणि वाचकांना एक विनंती आहे. दिल्लीच्या निकालांवरून हाती आलेला हा भेद घेऊन आपल्या घरच्या साहित्याकडे वळा. वगनाट्यातला सोंगाड्या पाटलाला आणि कोतवालाला कसा धारेवर धरतो ते पाहा. मग आपल्याच नाटक-सिनेमांतला तोतरा नोकर, बहिरे आजोबा, तिरळी नवरी यांच्यावर कोणत्या प्रसंगी टाळी पडते ते तपासा. तालुक्याच्या ग्रंथालयात जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत, व्यंगचित्रांसह. तेथून सुरुवात करता येईल.