मेकचा गोतावळा

सी भाषेतला मोठा प्रोग्राम अनेक फाइलींत विभागलेला असतो. प्रत्येक फाइल वेगळी कंपाइल करायची आणि तयार झालेले तुकडे शेवटी लिंक करायचे, ही युनिक्सवरची मूळ रीत. एखादी फाइल दुरुस्त केली, पण पुन्हा कंपाइल करायची राहून गेली, तर प्रोग्रामात तिचा जुनाच तुकडा जातो. बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ अशा बरोबर असलेल्या प्रोग्रामातली चूक शोधण्यात वाया गेली. ते संतापून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. फेल्डमन स्वतः आदल्या संध्याकाळी त्याच तापातून गेले होते. १९७६ मध्ये त्यांनी त्यावर उपाय म्हणून ‘मेक’ लिहिला. पहिली आवृत्ती शनिवार-रविवारात उभी राहिली.

मेकफाइलमधल्या नियमात डावीकडे बनवायची फाइल, मग कोलन, आणि उजवीकडे ती ज्यांच्यापासून बनते त्या फाइली असतात. खालच्या ओळीत आज्ञा. डावीकडची फाइल नसेल किंवा उजवीकडची एखादी फाइल तिच्यापेक्षा नवी असेल, तरच आज्ञा चालते. बाकीच्या फाइलींना मेक हात लावत नाही. आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. ही खोड फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली, पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांची घडी विस्कटायला ते तयार नव्हते. टॅबऐवजी स्पेस पडल्या की मेक आजही अडतो.

मुक्त सॉफ्टवेअरसमोर प्रश्न वेगळा होता. लिहिणाऱ्याने कधी न पाहिलेल्या यंत्रावर कोणीही ते बांधू शकले पाहिजे, आणि प्रत्येक कंपनीचे युनिक्स थोडे निराळे. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ सुरू केला. त्यातून निघणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट यंत्राची तपासणी करून मेकफाइल तयार करते. वापरणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ असण्याची गरज नाही. ही मोठीच सोय होती, पण तिचा भार प्रकल्पावर पडला. एम-फोर या मॅक्रोभाषेतून निपजलेल्या स्क्रिप्टच्या हजारो ओळी वाचणारा क्वचितच भेटे.

बांधणीचे दुसरे साधन, सीमेक, २००० साली किटवेअर या कंपनीत जन्मले. वैद्यकीय प्रतिमांची आयटीके लायब्ररी विंडोज आणि युनिक्स दोन्हींवर बांधायची होती, म्हणून ते त्या-त्या ठिकाणच्या साधनांसाठी फाइली लिहून देते. केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाने आधी एसकॉन्स हे बांधणीचे साधन आजमावले आणि २००६ मध्ये सीमेक पत्करले. एवढ्या मोठ्या प्रकल्पाची निवड इतरांनाही धीर देणारी ठरली. पुढे क्रोम ब्राउझरसाठी इव्हान मार्टिन यांनी निंजा लिहिला. त्याच्या फाइली माणसाने लिहायच्याच नाहीत, दुसऱ्या साधनाने तयार करायच्या. युस्सी पाक्कानेन यांचा मेसॉन मुख्यतः निंजावर उभा आहे, आणि त्याची भाषा नवख्यालाही वाचता येते. सिस्टमडी प्रकल्प २०१७ मध्ये मेसॉनकडे वळला, क्यूईएमयू २०२० मध्ये. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसने २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत जुन्या व्यवस्थेच्या जोडीला मेसॉन आणला. लिनक्स कर्नल मात्र मेकवरच राहिला.

बांधणीच्या फाइली वाचता येणे किती मोलाचे आहे, हे मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. एक्सझेड या संक्षेपण साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती चालू करणारा एम-फोर मजकूर फक्त वितरणाच्या टारबॉलमध्ये होता, गिट भांडारात नव्हता. पोस्टग्रेस्क्यूएलचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे खटकले, आणि तिचा माग लागला. त्यानंतर टारबॉलऐवजी थेट भांडारातूनच बांधणी व्हावी, ही मागणी अनेक लिनक्स वितरणांत जोर धरू लागली.