बिअरची चाचणी, कोऱ्हाळ्याच्या विहिरीवर

सर्वप्रथम खुलासा. मी बिअरमधला जाणकार वगैरे नाही. पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी असलं काहीतरी खरडतो. त्यामुळे "ही घ्या, ती घेऊ नका" असा सल्ला इथे मिळणार नाही. वय एकवीसच्या खाली असेल तर महाराष्ट्रात बिअर पिणं बेकायदा आहे, हेही सांगून ठेवतो. पुढे कटकट नको.

तर झालं असं. मे महिन्यात गावी गेलो होतो. गाव म्हणजे कोऱ्हाळे बुद्रुक, तालुका बारामती, नीरा-बारामती रस्त्यावर. शाळेतले आम्ही पाच जण संध्याकाळी एकाच्या विहिरीवर जमलो. एक ऊसबागायतदार, एक प्राथमिक शाळेतले मास्तर, एकाचं मेडिकलचं दुकान, एक ट्रक ड्रायव्हर आणि मी. बादलीत बर्फ, बर्फात बाटल्या. आणि मग नेहमीचा वाद सुरू झाला.

बागायतदार म्हणाला, "आपली ही एकच खरी. बाकीच्या म्हंजी निस्तं पाणी." मेडिकलवाला दुसऱ्या ब्रँडचा, तोही तितकाच ठाम. मास्तर म्हणाले, "ब्रँड कुठला का असंना, दुकान बघून घ्यावी." यावर सगळे हसले.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. टेस्ट केल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही आमची धंद्याची सवय. म्हटलं, डोळे बांधून ओळखता का बोला. "त्यात काय लका, आण की!"

या कामासाठी एक फार सुंदर पद्धत आहे, तिला त्रिकोणी चाचणी म्हणतात. समोर तीन पेले ठेवायचे. दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. कुठली चांगली ते सांगायचं नाही, फक्त वेगळा पेला कुठला तेवढं ओळखायचं. आंधळेपणाने बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येणारच. म्हणून बरेच वेळा करायचं आणि तिसऱ्या हिश्शापेक्षा किती जास्त बरोबर आले ते बघायचं.

ही पद्धत रूढ झाली त्यात मोठा वाटा बिअरवाल्यांचाच. १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमधल्या लोकांनी आपले चव घेणारे निवडण्यासाठी ती वापरली. त्याच्याही आधी, १८९९ मध्ये, डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट नावाचा तरुण नोकरीला लागला. सातू आणि हॉप्सचे चार-पाचच नमुने हातात असताना निष्कर्ष किती खरा मानायचा, हा त्याचा रोजचा प्रश्न. त्यातून १९०८ मध्ये त्यानं 'स्टुडंट' या टोपणनावानं जो निबंध छापला, त्यातली टी-टेस्ट आज जगभर कॉलेजात शिकवतात. आम्हीही शिकलो. मार्कांपुरती. ती बिअरच्या कारखान्यातून आली आहे हे कोणी सांगितलं असतं तर जरा लक्ष तरी दिलं असतं!

असो. चाचणी आंधळी हवी तर ओतणारा वेगळा पाहिजे. ड्रायव्हर पीत नाही, तीन वर्षांपूर्वी त्यानं सगळंच सोडलं. तोच म्हणाला, "मी वततो. तुमी बसा." मला हे फारच सोयीचं वाटलं. मोटारीच्या खोलीत त्यानं स्टीलचे पेले मांडले (स्टीलमुळे रंगही दिसत नाही), तळाला खडूनं आकडे घातले आणि कुठल्या पेल्यात काय हे एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं.

पहिली चाचणी दोन माइल्ड लागर बिअरची. दोन्ही देशभर खपणाऱ्या, दोन्हींचे भक्त समोर बसलेले. चार जण, प्रत्येकी तीन फेऱ्या, म्हणजे बारा उत्तरं. नुसत्या नशिबानं चार बरोबर यायला हवी होती. आली पाच. फरक खरंच कळतोय म्हणायला बारात किमान आठ लागतात. बागायतदारानं तीनपैकी एकदाही "आपली" ओळखली नाही. दोनदा तर त्यानं तिलाच "पाणी" म्हटलं.

दुसरी चाचणी, माइल्ड आणि स्ट्राँग. एकच फेरी. चारही जणांनी पहिल्या घोटात ओळखलं. म्हणजे जिभा शाबूत होत्या.

यात आमच्या गावठीपणाचा काही संबंध नाही बरं का. १९६४ मध्ये अॅलिसन आणि उल या दोन अमेरिकन संशोधकांनी तीनशेवर बिअर पिणाऱ्यांना आधी लेबल नसलेल्या आणि मग लेबल लावलेल्या बाटल्या दिल्या. लेबल नसताना लोकांना स्वतःचा नेहमीचा ब्रँड ओळखता येईना. लेबल लागल्यावर मात्र प्रत्येकाची आपापली बिअर एकदम चवदार झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात तीन नामांकित युरोपियन लागरवर हीच त्रिकोणी चाचणी केली, तिथेही लोक आमच्यासारखेच चाचपडले.

मग प्रश्न असा, की या बिअर इतक्या सारख्या का?

कारण त्या सारख्या असाव्यात म्हणूनच लागरचा सगळा इतिहास घडला. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सेन गावात योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन कारागिरानं फिकट सोनेरी लागर काढली. आधीची तिथली बिअर इतकी बिघडायची की लोकांनी ती पिंपंच्या पिंपं भर चौकात ओतून दिली होती. लागर थंडीत सावकाश आंबते आणि तळघरात महिनोन्‌महिने मुरते, म्हणून थंड प्रदेशातच जमायची. पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेच्या यंत्रांनी बर्फावरचं अवलंबून राहणं संपवलं. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या एमिल ख्रिश्चन हॅन्सननं यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवलं, आणि कंपनीनं ते इतरांनाही दिलं. आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड खुला केला! तेव्हापासून बिअर बनवणाऱ्याचं मोठेपण कशात? तर आजची बाटली कालच्यासारखी असण्यात. चूक नसणं हाच गुण. अशा मालात जीभ फरक शोधणार कुठून? त्यात आपण ती इतकी गार करून पितो की असलेली चवही झाकली जाते.

पण मग मास्तरांच्या दुकानाचं काय? इथे मास्तर जिंकले. बिअरमध्ये हॉप्सचा कडूपणा असतो, त्यावर ऊन किंवा ट्यूबलाइट पडली की त्यातून एक भयंकर उग्र वासाचं गंधकयुक्त रसायन तयार होतं. तपकिरी काच त्याला बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारशी नाही. उष्णतेनं बिअर लवकर शिळी होते आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते. तेव्हा माल सावलीत ठेवणारा, जुना माल आधी विकणारा दुकानदार हा ब्रँडपेक्षा महत्त्वाचा. लेबलवर तारीख असते, ती आपण दुधाच्या पिशवीवर बघतो तशी इथे बघत नाही.

आता दुसऱ्या चाचणीकडे येऊ, कारण आपला इतिहास तिच्यात आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँगचा वाटा निम्म्यापेक्षा खूपच जास्त आहे. जगात बहुतेक ठिकाणी साधी लागर पाच टक्क्यांच्या आसपास असते. आपल्याकडे आठ टक्क्यांपर्यंतची हवी असते. का?

मला वाटतं, आपल्याला बिअर चाखायला कोणी शिकवलीच नाही, मोजायला शिकवली. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कायदा बहुतांशी उचलून धरला, फक्त अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं त्यातून सोडवली. १९६० नंतर, वसंतराव नाईकांच्या काळात, बंदी टप्प्याटप्प्यानं सैल झाली. पण कायदा तोच राहिला. 'परमिट रूम' हा शब्द त्याचंच अपत्य. आजही कायद्यानं पिणाऱ्याकडे परवाना लागतो. आमच्यापैकी कोणाकडे होता हे विचारू नका :-)

बंदीत सगळ्यात आधी मरते ती बिअर. विचार करा, ६५० मिलिलीटरच्या माइल्ड बाटलीत शुद्ध अल्कोहोल जेमतेम ३१-३२ मिलिलीटर. एवढी मोठी बाटली लपवणार कुठे? चोरून विकायचं तर कमी जागेत जास्त नशा हवी. आणि आमच्या भागात कच्च्या मालाला काय तोटा? इंग्रजांनी १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा आणला, कालव्यामागून ऊस आला, उसामागून गूळ, मग साखर कारखाने आणि मळी. खराब काळ्या गुळाची हातभट्टी गावोगाव लागायची. बंदी सैल झाल्यावर मळीच्या स्पिरिटची देशी अधिकृत दुकानात आली. दोन पिढ्यांनी पेल्याला एकच प्रश्न विचारला, चढते का?

मग बिअर आली ती याच प्रश्नाला तोंड देत. आठ टक्क्यांची स्ट्राँग घेतली तर त्याच ६५० मिलिलीटरमध्ये ५२ मिलिलीटर अल्कोहोल. देशीची १८० ची बाटली बिअरपेक्षा बरीच स्वस्त आणि तिच्यात ७५ च्या आसपास. खिशात मोजके पैसे असलेला माणूस हा हिशोब कॅल्क्युलेटरशिवाय करतो. कंपन्यांनाही तो कळला होता. स्ट्राँग बिअरची नावं बघा, नॉक आउट, बुलेट, थंडरबोल्ट. एकाही नावात चव नाही, सगळ्यांत मार आहे. आणि माइल्डचं? मुंबईत वर्षानुवर्षं खपलेल्या एका बिअरचं नाव 'लंडन पिल्सनर'. लंडन कुठे, पिल्सेन कुठे!

२००० साली केबल टीव्हीवर दारूच्या जाहिरातींना बंदी आली, तेव्हा सोडा, पाणी, कॅलेंडर यांच्या नावानं लेबलच दिसत राहिलं. जिभेला न कळणारा फरक डोळ्यांतून शिरला. किमतीतही स्पर्धा असेल म्हणाल, तर सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग आणि एबी इनबेव्ह (पूर्वीची सॅबमिलर) यांनी २००९ ते २०१८ या काळात भाव संगनमतानं ठरवल्याचा ठपका ठेवला. महाराष्ट्रही त्यात होता. दंड ८७० कोटींच्या पुढे, आधी माहिती देणाऱ्या एबी इनबेव्हला पूर्ण माफी. प्रकरण पुढे अपिलात गेलं. म्हणजे चव सारखी, भावही मिळून ठरवलेले, आणि आम्ही विहिरीवर बसून भांडतोय.

हे सगळं मी तिथेच रंगून सांगत होतो. ड्रायव्हरनं चिठ्ठी वाचून दाखवली, बागायतदाराची यथेच्छ टिंगल झाली. मग लक्षात आलं की ड्रायव्हर पाटाच्या कडेला जाऊन हात धुतोय. साबण लावून. परत आला, हात हुंगले, पुन्हा जाऊन धुतले.

मी म्हटलं, "काय झालं रे?"

"काय न्हाय. वास राहतुय."

दहा वर्षं त्यानं देशी प्यायली. त्या दिवसांत त्याची बायको लेकरांना घेऊन माहेरी गेली होती. सोडल्यावर परत आली. आमच्याकडे दारूच्या परीक्षणाची दुसरी एक पद्धत कायद्यात आहे. गावात दुकान नको असेल तर मतदान घेता येतं, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. बायका आडव्या बाटलीवर शिक्का मारतात. त्यांनी ती दारू चाखलेली नसते, पण तिची परीक्षा त्यांच्याइतकी कोणी केलेली नसते. आणि मी मात्र चाचणी आंधळी व्हावी म्हणून याच्याच हातात बाटल्या दिल्या. तो "मी वततो" म्हणाला खरं, पण नको म्हणायचं काम माझं होतं. ते सुचलंच नाही.

मी सॉरी म्हणालो. तो हसला. म्हणाला, "आरं, येक सांगू का? तुमी घोट तोंडात धरून इचार करत हुता, ते बघून मजा वाटली. मी दहा वरसात कधी चव घेतलीच न्हाय. नाक दाबून गिळायचो."

सगळा इतिहास सांगून मला जे नीट म्हणता आलं नव्हतं, ते त्यानं एका वाक्यात सांगितलं.

पुढच्या खेपेचा प्रयोग त्यानंच सुचवलाय. तीन रसवंत्यांचा उसाचा रस, दोन पेले एकीचे, एक दुसरीचा. या वेळी ओतणार मी, आणि तो पिणार. बागायतदार म्हणतो, माझ्या उसाचा रस मी झोपेत ओळखीन.

बघू.