जोतिबाचा डोंगर आणि सार्वभौमत्वाचे कोडे

वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरील जोतिबाचे आजचे देऊळ राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधले, अशी नोंद कोल्हापूरच्या गॅझेटियरमध्ये आहे. चैत्री यात्रेत सासनकाठ्या आणि गुलाल यांकडे पाहणाऱ्याला त्या सालाचे काही वाटत नाही. वास्तविक ते साल मोठे अडचणीचे आहे. राणोजी हे सातारच्या शाहू महाराजांच्या पेशव्याचे, म्हणजे पहिल्या बाजीरावाचे सरदार. डोंगर मात्र पन्हाळ्याच्या शेजारचा, आणि पन्हाळ्यावर गादी संभाजी महाराजांची. त्याच १७३० मध्ये या दोन गाद्यांमध्ये वारणाकाठी लढाई झाली, संभाजी महाराजांचा पराभव झाला आणि ताराबाई सातारकरांच्या हाती पडल्या. १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरकरांकडे गेला आणि त्याबरोबर जोतिबाचा डोंगरही. तुंगभद्रेपलीकडे जे नवे जिंकले जाईल ते निम्मे निम्मे वाटून घ्यावे, एकाचा चाकर दुसऱ्याने ठेवू नये, असे त्यात ठरले. पण कोणाचे कुलदैवत कोणत्या हद्दीत येते, या प्रश्नाने कोणाची झोप उडाली नाही. शिंद्यांचे देव करवीरच्या राज्यात राहिले आणि शिंदे सातारच्या चाकरीत.

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला ही स्थिती पचत नाही. १६४८ च्या वेस्टफालिया तहापासून जग स्वतंत्र, समान आणि आखीव सीमांच्या राज्यांचे बनले, ही कथा आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला सांगितली जाते. गेल्या दोन-अडीच दशकांत त्याच विषयाच्या प्राध्यापकांनी ती मोडीत काढायला घेतली आहे. आंद्रेआस ओसियांडर यांनी २००१ मध्येच तिला मिथक म्हटले. अमिताव आचार्य यांनी २०१४ पासून ‘जागतिक आंतरराष्ट्रीय संबंध’ या नावाने आशिया-आफ्रिकेचा अनुभव विषयाच्या मध्यभागी आणण्याचा आग्रह धरला. आयशे झाराकोल यांच्या ‘बिफोर द वेस्ट’ (२०२२) या ग्रंथात चंगीझखानापासूनच्या आशियाई सार्वभौमत्वाचा माग आहे. जे. सी. शर्मन यांचे ‘एम्पायर्स ऑफ द वीक’ (२०१९) तर सरळच म्हणते की अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपीयांपाशी आशियातील सत्तांना नमविण्याइतके लष्करी श्रेष्ठत्व नव्हते. ते स्थानिकांच्या आधाराने आणि बरेचदा त्यांच्यापुढे वाकून टिकले.

शर्मन आणि अँड्र्यू फिलिप्स यांनी मिळून लिहिलेले ‘आउटसोर्सिंग एम्पायर’ (२०२०) मराठी वाचकाने विशेष लक्षपूर्वक पाहावे. ईस्ट इंडिया कंपनी हे धड व्यापारी घर नव्हते, धड राज्यही नव्हते. ती इंग्लंडच्या राजाची प्रजा होती, १७६५ पासून मोगल बादशहाची बंगालमधील दिवाण होती, आणि तरी स्वतःच्या बळावर युद्ध व तह करीत होती. आता राणोजींचे पुत्र महादजी पाहा. ते स्वतःला पाटील म्हणवीत. पेशव्यांचे सरदार होते, आणि पेशवे छत्रपतींचे चाकर. १७८४ मध्ये बादशहा शाह आलमकडून त्यांनी वकील-ए-मुतलकचे पद मिळविले ते पेशव्यांच्या नावाने. आपण त्यांचे नायब झाले. प्रत्यक्षात बादशहाच त्यांच्या आश्रयाला होता. दिवाणीचा शेला पांघरलेली कंपनी आणि नायबीचा शेला पांघरलेले शिंदे, दोघांचा पोशाख एकाच शिंप्याने शिवलेला होता.

१७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात हे फार स्पष्ट दिसते. महादजींनी आदल्याच वर्षी इंग्रजांशी स्वतंत्र समझोता केला होता. तरी येथे ते पेशव्यांचे मुखत्यार होते आणि उभय पक्षांचे जामीनही. आजच्या कोणत्याही परराष्ट्र खात्याला हे तिहेरी आसन चमत्कारिक वाटेल. तहाचे एक कलम असे की पोर्तुगीज वगळता इतर युरोपीयांना पेशव्यांनी आश्रय देऊ नये. रोख फ्रेंचांवर होता. त्या वेळी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स इंग्लंडविरुद्ध उतरला होता, आणि त्या समुद्रापारच्या भांडणाची झळ सालबाईच्या मसुद्याला लागली.

१७८२ मध्ये जामीन राहिलेल्या घराण्याला ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात पराभूत म्हणून बसावे लागले. त्यापूर्वी आसई आणि लासवारी झाल्या होत्या. शिंद्यांच्या तोफा हलक्या नव्हत्या. आसईत त्यांनी इंग्रजांचे किती नुकसान केले ते इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. पण दौलतरावांचे बरेच युरोपीय अधिकारी ऐन वेळी सोडून गेले. कलम आता उलट फिरले: फ्रेंचांना, तसेच इंग्रजांशी युद्ध असलेल्या कोणत्याही युरोपीय वा अमेरिकन राज्याच्या प्रजाजनांना शिंद्यांनी नोकरीत ठेवू नये. चाकर कोणाचा, हा प्रश्न वारणेच्या तहातही होता. तेथे तो दोन भावांच्या गाद्यांमधला होता. येथे एक पक्ष दुसऱ्याला जगात कोणाशी बोलावे हे सांगू लागला. सार्वभौमत्वाचे थर खरवडून एकच थर ठेवण्याचे काम येथून वेगाने सुरू झाले.

या नव्या अभ्यासाची एक उणीव येथेच नोंदविली पाहिजे. तो बहुतांशी इतरांच्या इंग्रजी ग्रंथांवर उभा आहे. मोडी कागदांपर्यंत तो क्वचितच पोहोचतो. त्यामुळे सरदार, वतनदार, पाटील यांच्या मनातील ‘राज्य’ कसे होते, हे त्याला कंपनीच्या दप्तरातून अंदाजाने काढावे लागते. पुण्याच्या पेशवे दप्तरात त्याचे उत्तर शोधण्याजोगे बरेच पडून आहे.

दौलतरावांनी पराभवानंतर पाच वर्षांनी, १८०८ मध्ये, जोतिबाच्या डोंगरावर राणोजींच्या देवळाशेजारी केदारेश्वराचे देऊळ बांधले. तेव्हाही तो डोंगर शिंद्यांच्या राज्यात नव्हता. १ ऑक्टोबर १८१२ रोजी करवीरकरांनीही कंपनीशी तह करून मालवणचे बंदर दिले.