चारठाणा

चारठाणा : परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील जुने गाव. जालन्याहून मंठामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. जमीन काळी, भारी; कापूस, ज्वारी, तूर ही नेहमीची पिके आणि अलीकडे सोयाबीन. गावाचे नाव झाले ते मात्र यादवकालीन मंदिरांमुळे.

गोकुळेश्वर, जोड महादेव, उकंडेश्वर अशी मंदिरे गावात व शिवारात विखुरलेली आहेत. बांधणी काळ्या दगडाची, लोक जिला हेमाडपंती म्हणतात ती. दगडाला चुना लागलेला नाही. खाच आणि खुंटी एकमेकांत बसवून भिंती उभ्या केल्या आहेत. गोकुळेश्वराजवळ पायऱ्यांची बारव आहे. गावातला उंच कोरीव स्तंभ कुणी दीपमाळ मानतात, कुणी विजयस्तंभ, तर कुणी जैनांचा मानस्तंभ. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जैनांच्या प्राचीन गुंफा असल्याने हे शेवटचे मत सहज बाजूला सारता येत नाही.

इंग्लंडमध्ये 1538 पासून चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहिले जाई. तिथल्या लहानशा खेड्यालाही आपली माणसे नावानिशी सापडतात. चारठाण्याला तसे दप्तर लाभले नाही. इथला इतिहास वाचायचा तो पडक्या मंदिरांच्या आणि इकडेतिकडे पडलेल्या मूर्तींच्या आधारे. म्हणून गावातला एक कोरीव दगड हलला, की एक नोंद गेली असेच समजावे.

यादवांनंतर हा मुलूख बहमनी, निजामशाही, मोगल असे करत हैदराबादच्या निजामाकडे गेला. पाटील, पटवारी, बलुतेदार यांच्यावर गावगाडा चाले. निजामी अमलाच्या उत्तरार्धात सरकारी कारभार उर्दूत होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली. 1956 मध्ये मराठवाड्याबरोबर परभणी जिल्हा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात.

नळ आले, बोअर झाले, तसे मराठवाड्यात गावोगावच्या बारवांवरचे पाणी भरणे थांबले. त्या गाळाने आणि झुडपांनी भरत गेल्या. अलीकडे परभणी जिल्ह्यात त्या मोकळ्या करण्याची चळवळ उभी राहिली. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने उघडी केली. महाशिवरात्रीला राज्यातल्या अनेक बारवांत आता दिवे लावले जातात. मंदिरांच्या डागडुजीला जाणता पाथरवट आणि सरकारी पैसा लागतो. बारवेतला गाळ मात्र गावाला स्वतः काढता येतो.