वेंगुर्ल्याच्या पोराची पहिली भाषा कुठली?

२०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, जूनमध्ये ‘सक्ती’च्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ आलं, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली गेली. भांडण सगळं तिसऱ्या भाषेचं. पण आमच्या वेंगुर्ल्यातनं बघितलं तर मोजणीच चुकलीय असं वाटतं.

वेंगुर्ल्याला परकी भाषा नवीन नाही. १६३७ च्या सुमारास डचांनी इथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना इथूनच रसद जायची. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून गाव इंग्रजांकडे गेलं. बंदरावर भाषा कामापुरती शिकतात, मोडकीतोडकी चालते. शाळा आली तेव्हा ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ आलं.

१८५४ च्या वूडच्या खलित्याचं धोरण असं, की सामान्य लोकांना देशी भाषेतून शिकवावं, वरचं शिक्षण इंग्रजीतून. आमच्या वाट्याला देशी भाषा म्हणून आली ती पुण्याच्या वळणाची प्रमाण मराठी. घरात मात्र मालवणी. घरी ‘माका’, पुस्तकात ‘मला’. घरी ‘खंय’, पुस्तकात ‘कुठे’.

म्हणजे पोर पहिलीतच दुसरी भाषा शिकायला लागतं, फक्त तसं कोणी म्हणत नाही. २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आलं, ती खरं तर तिसरी. पाचवीची हिंदी चौथी.

नावाने काय फरक पडतो? बराच पडतो. दुसरी भाषा शिकताना चूक होणारच, असं आपण धरून चालतो. इंग्रजीत चुकलं तर मास्तर समजावतात. मराठीत ‘माका’ म्हटलं तर वर्ग हसतो, आणि पोर गप्प बसायला शिकतं.

तेरेखोल ओलांडली की हाच शब्द ‘म्हाका’ होतो आणि पाठ्यपुस्तकात बसतो, कारण १९८७ मध्ये कोकणी गोव्याची राजभाषा झाली. नदीच्या एका काठाला भाषा, दुसऱ्या काठाला बोली. हे व्याकरणाने नाही, कायद्याने ठरलं.

युनेस्कोने १९५३ मध्येच मातृभाषेतून शिकवा म्हटलं. २०२० चं शैक्षणिक धोरण तर ‘घरची भाषा’ असा शब्द वापरतं. १९८० च्या ‘वस्त्रहरण’पासून मालवणी रंगमंचावर गाजतेय, पण वर्गात अजून ती चूकच.

मराठी शिकायचीच आहे, त्यात वाद नाही. फक्त ‘माका’वर लाल रेघ मारण्याआधी बाईंनी एवढं म्हणावं, “घरी माका, पुस्तकात मला. दोन्ही तुझंच.”

चला, येवा पुढच्या भागाक.