बहिःस्थ

विद्यापीठांच्या दफ्तरात एक जुना शब्द आहे : बहिःस्थ विद्यार्थी. म्हणजे जो परीक्षेला बसतो, वर्गात बसत नाही. ज्यांच्या पिढ्या गावकुसाबाहेर गेल्या त्यांना या शब्दाची फोड करून सांगावी लागत नाही. तरीही या वाटेचा मी धिक्कार करणार नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ साली महाविद्यालयात न शिकलेल्यांनाही पदवी-परीक्षा खुली केली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले आणि तेथील पूर्वतयारी शिक्षणक्रमाने दहावी-बारावी न झालेल्यांनाही पदवीची वाट करून दिली. एस.टी.चा वाहक, लग्नामुळे शाळा सुटलेली बाई, अशी माणसे या दाराने आत आली. त्यांच्या पदवीला 'टपाली' म्हणून नाक मुरडणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. (त्यांच्या स्वतःच्या वर्गात किती मुले हजर असत, हे विचारण्याची पद्धत नव्हती.)

आता टपालाची जागा ऑनलाइन अभ्यासक्रमाने घेतली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली एका सत्रातले वीस टक्के विषय 'स्वयम्'वरून घेण्याची मुभा दिली; २०१७ साली ते व्यासपीठ रीतसर सुरू झाले; २०२१ साली मर्यादा चाळीस टक्के झाली. नोंदणी फुकट, प्रमाणपत्र हवे तर परीक्षेचे शुल्क. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती, संगणक ४.४ टक्क्यांकडे. पुढे मोबाइल वस्तीवस्तीत पोचला हे खरे; पण एका खोलीत पाच माणसे असली की व्याख्यान ऐकायचे कुठे?

माझा मुद्दा मात्र यंत्राचा नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेथे नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, त्याच्यासोबत वसतिगृहे उभी राहिली. अभ्यासक्रम काय, पुस्तकातही होता! पण मिलिंदच्या वसतिगृहांत पोरे एका पंगतीला जेवली, रात्र रात्र भांडली, आणि त्यांतूनच लिहू लागली.

चाळीस टक्के शिक्षण घरबसल्या होते म्हटल्यावर वसतिगृह, ग्रंथालय आणि राखीव प्राध्यापकपदे यांची गरज काय, असे उद्या सहज विचारले जाईल. म्हणून विद्यार्थी मित्रांनी आजच माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावेत : जो विषय ऑनलाइन दिला, त्या विषयाचे राखीव पद आमच्या विभागात कधीपासून रिकामे आहे?